ओळीआधीचं थांबणं

श्रावण लागला की माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा राहत नाही. एरवी ब्लाउज, फॉल-पिको आणि शाळेचे गणवेश. श्रावणात जाखडीचे पोशाख. गणपतीत आमच्याकडे गावोगाव जाखडी नाचतात आणि आता बायकांचीही पुष्कळ मंडळं झाली आहेत. एका मंडळात बारा-पंधरा जणी. कापड शाहीर सोडून सगळ्यांना एकाच रंगाचं, पण पाठ प्रत्येकीची वेगळी. तागे भिंतीला उभे लावावे लागतात, जमिनीवर ठेवले तर दोन दिवसांत ओल धरतात. टिकल्या ताटलीत, गोट्याच्या चकचकीत पट्ट्या दोरीवर, इस्त्री दिवसभर तापलेली. दमट कापडावर गरम इस्त्री फिरली की जो वास येतो तो माझ्यासाठी श्रावणाचा वास. फुलांचा ज्यांना घ्यायचा त्यांनी घ्यावा.

या वर्षीही मंडळं यायला लागली आहेत. खिडकीच्या फळीवर मी दोऱ्याची रिळं मांडली आहेत. गेल्या श्रावणात त्या जागी मोबाईल उभा असायचा आणि त्यातून एक मुलगा बोलत असायचा.

हा मुलगा व्हिडिओ गेमना शिव्या घालायचा. शिव्या म्हणजे अपशब्द नव्हेत. तोंड दाखवायचा नाही, कोपऱ्यात एका कावळ्याचं चित्र आणि मागे गेम चाललेला. आवाज शांत, वाण्याच्या दुकानात यादी वाचावी तसा. त्या आवाजात तो एकेका गेमची सालं काढायचा. माझी मुलगी तेजू त्याला लावायची. ती तेवीस वर्षांची, कॉम्प्युटरची पदवी घेतलेली, नोकरीची पत्रं पाठवून घरी वाट बघत बसलेली. हंगामात माझ्याकडे टिकल्या लावते. हात गुंतलेले असले तरी कान मोकळे असतात, म्हणून तिने एक दिवस मोबाईल फळीवर उभा केला. तिसरी आमच्याकडे काम करणारी सुलभाताई. आतल्या गावची, साठीची. घरची लावणी उरकून मग शहरात मशीनवर येते.

आम्ही दोघींनी जन्मात गेम खेळलेला नाही. तरी आठ दिवसांत आम्हाला कुठल्या गेममध्ये काय खोट आहे ते पाठ झालं. न बोलावलेल्या लग्नातलं जेवण कसं झालं याची चर्चा करण्यात जी मजा असते, तीच. तो एका लढाईच्या गेमबद्दल म्हणाला, "यातला शत्रू इतका सज्जन आहे की मी गोळ्या भरेपर्यंत तो झाडामागे वाट बघतो. असा शेजारी मिळायला पुण्य लागतं." एका गेममधला घोडा भिंतीतून आरपार जायचा आणि उघड्या दारात अडायचा. "घोड्याचं शिक्षण पूर्ण आहे, फक्त दारं हा धडा त्याने ऑप्शनला टाकला," असं तो म्हणाला. शेतीचा एक गेम होता, त्यात तीन मिनिटांत भात तयार व्हायचं, चिखल नाही, पाऊस नाही. "हा गेम बनवणाऱ्याने भात फक्त ताटात पाहिलाय," असं तो म्हणाला तेव्हा सुलभाताईने मशीन थांबवलं.

"बरोबर बोललान," ती म्हणाली. "बोलतो देशावरचा, पण तिरका आपल्यासारखा. आई इकडची असणार मेल्याची."

माझा नवरा लोट्याच्या एमआयडीसीत शिफ्टला असतो, सुट्टीच्या दिवशी घरी येतो. त्याने एकदा उभ्या उभ्या दहा मिनिटं ऐकलं आणि म्हणाला, "ह्याला आमच्याकडे सेफ्टीला घ्यायला हवा. एकेक नट मोजील."

मला तो का आवडायचा, हे मी मशीन चालवताना पुष्कळदा मनात घोळवलं आहे. एक कारण सरळ आहे. तीस वर्षं मी कपडे शिवते आणि तीस वर्षं गिऱ्हाईक तोंडावर "छान झालंय" म्हणतं. ज्यांना आवडत नाही ती पण "छान झालंय" म्हणतात आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या शिंप्याकडे जातात. कुठे बिघडलं, खांद्यात की बगलेत, हे कोणी सांगत नाही. हल्ली तर कोणी फोटो टाकला की खाली शंभर माणसं हात जोडतात आणि अंगठे दाखवतात. या सगळ्या गोडात जो माणूस स्वच्छ म्हणतो की हे वाईट आहे आणि इथे इथे वाईट आहे, तो मला कामाचा वाटला.

दुसरं कारण त्याची नजर. एका गेममध्ये राणी चालताना तिचा पदर तिच्याच हातातून आरपार जायचा. मला दिसलंही नसतं. त्याने तेवढं थांबवून, मोठं करून दाखवलं आणि म्हणाला, "राणीचं राज्य गेलं त्याचं दुःख नंतर. आधी शिंप्याशी काय भांडण झालं ते कळू दे." मी पोट धरून हसले. पण मनात हेही आलं, की इतकं बारकाईने माझ्या शिवणीकडे कधी कोणी पाहिलेलं नाही. तेजू म्हणायची, "आई, त्याला गेम आवडतात म्हणून तर तो एवढा चिडतो. चाळीस-चाळीस तास खेळून मग बोलतो." मला ते पटलं होतं. अर्धं अजूनही पटतं.

तिसरं कारण सांगायला बरं वाटत नाही. छडी दुसऱ्याच्या पाठीवर पडत असली की ऐकणाऱ्याला उगाच वाटतं, आपण छडीच्या बाजूचे. आम्ही तिघी रत्नागिरीच्या एका गळक्या दुकानात बसून कुठल्या कुठल्या देशांतल्या माणसांच्या चुकांवर हसत होतो आणि तेवढा वेळ आम्ही हुशार होतो. तेजूला नोकरीसाठी नकार येत होते. तेही गोड भाषेत यायचे, तिच्या गुणांचं कौतुक करून. त्या दिवसांत तिला हा कावळा औषधासारखा लागत असणार.

त्याची एक गंमत आमच्या दुकानाची होऊन गेली. एक गेम सुरू व्हायलाच फार वेळ घ्यायचा, नुसतं चाक फिरत राहायचं आणि खाली लिहिलेलं, लोडिंग. तो म्हणाला, "मी तोवर कुकर लावला, तीन शिट्ट्या घेतल्या, वरण फोडणीला टाकलं, जेवलो, ताट घासलं. चाक फिरतंय." तेव्हापासून आमच्याकडे जे जे रेंगाळेल ते लोडिंग. सुलभाताईला सुईत दोरा ओवता आला नाही की तेजू म्हणे, "मावशी, लोडिंग काय?" राजापूरची गाडी आली नाही, लोडिंग. वीज गेली, लोडिंग. सुलभाताईसुद्धा सुनेला फोनवर म्हणायला लागली, "अगो भाकऱ्या झाल्या काय, का लोडिंगच हाय अजून?"

जाखडीत दोन पक्ष असतात, शक्ती आणि तुरा. शक्तीवाल्यांची पार्वती मोठी, तुरेवाल्यांचा शंकर मोठा. मध्ये शाहीर, त्याच्यामागे कोरस, भोवती फेर धरून नाचणारे. एका पक्षाच्या शाहिराने गाण्यातून प्रश्न टाकायचा, टोमणा मारायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच उत्तर द्यायचं. टोमणे चांगले बोचरे असतात. तुझ्या गुरूला ठेका कळत नाही, तुझ्या पोथीला वाळवी लागली, असं कायकाय. माणसं येतात ती त्यासाठीच. सामना संपला की दोन्ही शाहीर एकाच किटलीतला चहा पितात. समोरच्याला उत्तर देता येईल असा टोमणा मारायचा, ही त्यातली अट. कुठे लिहिलेली नाही, पण सगळ्यांना माहीत असते.

गेल्या वर्षी आमच्या वाडीच्या बायकांचं मंडळ तुऱ्याचं होतं. गौरी गेल्यानंतरच्या रविवारी त्यांचा सामना ठरला. दुपारी तीनची वेळ, कारण सगळ्यांनाच आरतीला घरी पोचायचं होतं. समोर शक्तीचं मंडळ, राजापूरच्या रस्त्यावरच्या एका गावचं, आणि त्यांची शाहीर वंदना. दोन्ही मंडळांचे पोशाख माझ्याकडे. आमच्या मंडळाला नवीन टोमणे हवे होते, जुने सगळ्यांना पाठ झालेले. तेजूला यमकं जुळवता येतात, म्हणून त्या तिच्याकडे आल्या.

वंदना पस्तिशीची, बागेत मजुरीला जाणारी, उंच, काळीसावळी. ती बोलताना अडखळते. माझ्याकडे मापाला आली की रंग, तारीख, किती जणी, सगळं कागदावर लिहून आणते आणि कागद पुढे करते. गाताना मात्र अडखळत नाही. फक्त ओळ सुरू करण्याआधी क्षणभर थांबते. डोळे मिटते, छाती भरते आणि मग शब्द येतो तो असा मोकळा, की मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्याही मान हलवतात. तिच्या गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. मला मापं घेता घेता कळलं होतं. तेजूला ठाऊक नव्हतं. तिने दोन वर्षांपूर्वीचा एक सामना मोबाईलवर बघितला आणि तिला दिसलं ते एवढंच, की शक्तीची शाहीर उत्तराला उशीर करते. कावळ्याच्या तालमीत तयार झालेली नजर, ती बरोबर तिथे गेली.

तिने ओळी दुकानात वाचून दाखवल्या. प्रश्न आम्ही विचारला, उत्तराला का उशीर, इथपर्यंत झालं होतं. पुढची ओळ बसत नव्हती. वेळ फार घेता म्हणे, असं काहीतरी मिळमिळीत.

मी पायडलवरून पाय न काढता म्हणाले, "वेळ कसला? लोडिंग घाल."

सुलभाताई इतकी हसली की तिच्या हातातली बॉबीन घरंगळत कपाटाखाली गेली. तेजूने तिथल्या तिथे ओळ पुरी केली. "चाक फिरतंय गोल गोल, लोडिंग आहे शाहीर."

वंदना का थांबते ते त्या क्षणी माझ्या लक्षात आलं नाही, असं मी नंतर एक-दोघींना सांगितलं. ते खोटं आहे. लक्षात आलं होतं. पण ओळ चांगली झाली होती, दोघी हसत होत्या आणि हसवणारा शब्द माझा होता. मी पुढची बाही मशीनला लावली.

सामना शाळेच्या हॉलमध्ये झाला. बाहेर धो धो पाऊस, आत ओल्या छत्र्यांची रास आणि अगरबत्तीचा वास. मी पहिल्या रांगेत होते, कुणाची शिवण उसवली तर सुई-दोरा घेऊन. आमच्या मंडळाने ओळी म्हटल्या. हॉल हसून फुटला. पोरंसोरं, बायका, बाप्ये, सगळे. लोडिंग सगळ्यांनाच कळतं, प्रत्येकाच्या खिशात ते चाक आहे. वंदनाही हसली. शाहीर हसतात, तसा रिवाजच आहे. मग ढोलकी फिरली आणि ती उत्तराला उभी राहिली. डोळे मिटले, छाती भरली. त्या थांबण्यात मागून कोणीतरी म्हणालं, "लोडिंग." हॉलमध्ये पुन्हा हसू उसळलं. तिने डोळे उघडले, पुन्हा मिटले. ढोलकीवाल्याने सांभाळून घेऊन ठेका परत फिरवला. तिने तोंड उघडलं आणि पहिलं अक्षर अडकलं. तेच अक्षर तीनदा, चारदा. गाण्यात. ज्या हॉलमध्ये तिने किती वर्षं एक शब्द अडकू दिला नव्हता, तिथे. हसणारे गप्प झाले, ते तर आणखी वाईट. ती खाली बसली. मागच्या कोरसमधल्या एकीने कशीबशी जुनी गौळण सुरू केली आणि सामना पुढे रेटला. चहाची किटली आली तेव्हा वंदना छत्रीखाली गाडीच्या थांब्याकडे चालत होती.

घरी आल्यावर तेजू म्हणाली, "मी तर तिच्या गाण्याबद्दल लिहिलं होतं. तिच्याबद्दल नाही."

मी तिला वंदनाचं अडखळणं सांगितलं. तिने विचारलं, "तुला माहीत होतं?" मी हो म्हणाले. त्यानंतर ती चार दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. मला ते योग्यच वाटलं.

त्या चार दिवसांत मला कावळ्याचं काम नीट समजलं. तो खोटं काही सांगत नाही. जे आधीपासून होतं पण कोणाला खुपत नव्हतं, त्याला तो नाव देतो. एकदा नाव पडलं की मग ते दिसल्याशिवाय राहत नाही. राणीचा पदर मला आता कुठल्याही गेममध्ये आधी दिसतो. वंदनाच्या थांबण्याला तसं नाव पडलं. आधी ते थांबणं म्हणजे तिच्या गाण्याचा उंबरा होता, लोक त्यासाठी श्वास धरायचे. आता तिथे चाक फिरतं. आमच्या गल्लीतली मुलं आठवडाभर डोळे मिटून छाती फुगवून तिची नक्कल करत होती. ती कुठून शिकली ते मला विचारायची गरज नव्हती.

मग मी पहिल्यांदाच त्या गेम बनवणाऱ्यांचा विचार केला. तेजूला म्हटलं, "तो राणीचा पदर चित्रात कोणी काढला असेल गो?"

"आई, त्या मोठ्या कंपन्या असतात. त्यांना काय फरक पडतोय."

"कंपनीला नसेल पडत. पदर कोणीतरी एकानेच काढला असणार ना. बसून."

ती टिकल्या लावत राहिली.

कावळा वाईट, असं म्हणून मोकळं होता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं म्हणता येत नाही. तो ज्या गेमना बोलतो ते खरंच फसलेले असतात आणि त्याला ऐकून चार जण नीट काम करत असतील. माझ्या शिवणीला असा एक कावळा मिळाला असता तर मी आज आहे त्याहून चांगली शिंपीण असते. मी अजूनही त्याला ऐकते, दुकानात नाही, घरी भाजी निवडताना. हसूही येतं. फक्त हसून झाल्यावर, ज्याच्यावर हसले तो मागे उभा तर नाही ना, असं वळून बघावंसं वाटतं.

वर्षभर वंदना गायली नाही. गावच्या शिमग्यात नाही, कुठे हळदीला नाही. हे मला गाडीत भेटलेल्या त्यांच्या मंडळातल्या एकीने सांगितलं, मुद्दाम सांगितलं. या श्रावणात त्यांच्याकडून मापं आली, पण चौदा जणींची, पंधरावं, वंदनाचं, नाही.

तेजूला या वर्षी नोकरी लागली आहे, घरूनच करते, दुपारनंतर मोकळी असते. तिला मी मापांचा कागद दाखवला. ती म्हणाली, "माफी मागायला मी येऊ का?"

"माफी मागितलीस तर ती 'असू दे' म्हणेल. तेवढं ती बोलू शकते. मग संपलं."

तेजू म्हणाली, "तिचं उत्तर राहिलंय ना? ते मी लिहून देते. आपल्यावरच."

दुसऱ्या दिवशी तिने कागद माझ्या हातात दिला. वाचून मला राग आला, म्हणजे चांगलं जमलं होतं. पहिल्या दोन ओळी अशा होत्या.

"तुऱ्याकडची शिंपीण भारी, कात्री तिची लांब,
जिभेचं माप घेताना मात्र टेप म्हणते थांब."

पुढे तेजूने स्वतःलाही सोडलं नव्हतं.

मी टेप आणि कागद घेऊन राजापूरच्या गाडीत बसले. पाऊण तासावर उतरून पाऊलवाट. दोन्ही बाजूंना भात गुडघ्याएवढं आलेलं, वंदना बांधावर गवत कापत होती. मला बघून तिने विळा खाली ठेवला. मी आल्या आल्या सांगितलं, "लोडिंग हा शब्द माझा. मला माहीत असून दिला. मुलीला माहीत नव्हतं." मग मी कागद दिला. तिने ओले हात परकराला पुसले आणि उभ्याने वाचला, एकदा, मग परत एकदा. तोंडावर काही दिसू दिलं नाही. माझ्या पिशवीतून बाहेर आलेली पेन्सिल तिने मागून घेतली आणि दुसऱ्या ओळीतला एक शब्द खोडला.

"म... मात्र भरतीचा आहे," ती म्हणाली. "ओळ प... पडते त्याने."

"सांगते तिला."

"बाकी बरं आहे. शि... शिवणीवर काहीच नाही? मागच्या वर्षी माझी बाही चढत होती."

"मला कधी बोलली नाहीस ते?"

"छान झालंय, म्हटलं होतं," ती म्हणाली आणि मला वाटतं हसली.

मी म्हणाले, "मग म्हण हे यंदा." ती गप्प झाली. तिचं थांबणं आणि तिचं गप्प बसणं यात फरक आहे, तो मी त्या दिवशी जवळून पाहिला. थांबते तेव्हा छाती भरते. आता भरली नाही. तिने कागदाची घडी केली, परत दिली नाही, कमरेला खोचली.

मी टेप काढली. "माप घेते. शाहिराचं घेऊ की कोरसचं?"

"कोरस."

शाहिराचा पोशाख वेगळ्या रंगाचा असतो आणि छातीत मोठा, गाणाऱ्याला श्वास लागतो म्हणून. कोरसचा अंगाबरोबर. मी गिऱ्हाईकाने सांगितलं तसं माप घेतलं, बाही दोनदा मोजली आणि गाडी पकडली.

दुकानात तेजूने विचारलं, "काय म्हणाली?"

"दुसऱ्या ओळीतला मात्र भरतीचा आहे म्हणाली. ओळ पडते."

तेजूने मनातल्या मनात ओळ म्हणून बघितली. "बरोबर आहे," ती म्हणाली. तिचे डोळे भरले आणि तिने टिकल्यांची ताटली पुढे ओढली. सुलभाताईने विचारलं, "गाणार हाय काय पण ती?" मी म्हणाले, माहीत नाही.

वंदनाचं कापड मी त्याच दुपारी कापलं, कोरसच्या रंगाचं, कोरसच्या मापाचं. दोन्ही कुशींच्या शिवणीला आतल्या बाजूने दीड-दीड इंच कापड जास्त ठेवलं. बाहेरून कळत नाही. लागलं तर टाका उसवून दहा मिनिटांत सैल करता येतं. सामन्याला अजून अठरा दिवस आहेत.